नखातून निघालेला पाय

भोईर सर समोरून येताना दिसले की भिवंडीतली जाणती माणसं पाय आखडून घ्यायची. हॉटेलच्या बाकावर पाय सोडून बसलेलं गिऱ्हाईक मांडी घालायचं. टांगेवाला लोंबते पाय वर ओढायचा. फसायचा तो नवखा. सर त्याच्याजवळ जायचे, आकाशाकडे बघायचे आणि त्यांची टायरच्या तळाची चप्पल बरोबर त्याच्या पंजावर पडायची. तो कळवळून जे काही बोलेल ते सर मान तिरपी करून शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. मग हात जोडून म्हणायचे, "माफ करा. कुठले आपण?"

माणूस सभ्य दिसतोय, असं वाटून तो गावाचं नाव सांगायचा. सर ते नाव स्वतःशीच एकदा पुटपुटायचे आणि चालू लागायचे.

सर आमच्या शाळेत संस्कृत शिकवत. मानकोलीच्या बाजूला खाडीकाठी त्यांच्या घरची भातशेती होती. सहा फुटांना जरा कमी, खांदे नांगराचे आणि पाय असे की बाजारात त्यांच्या मापाची वहाण मिळत नसे, म्हणून ती टायरची. घरातला हा पहिलाच माणूस शाळेच्या पुढे शिकलेला, आणि शिकला तो थेट संस्कृत. वर्गात त्यांची भाषा इतकी सोवळी असायची की पोरं घाबरायची. शिक्षकांच्या खोलीत आले की मात्र टोपी खुंटीला, भाषा गावाला. "चाय हाय का न्हाय?" हा मधल्या सुट्टीतला पहिला श्लोक.

माणसाला नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती. जो विषय शिकवतो तेच त्याचं नाव. मी वाईहून नोकरीला आलो तो भूगोल शिकवायला, तेव्हा पहिल्याच दिवशी मी 'भूगोल' झालो.

"काय भूगोल, तुमच्याकडे गाईच्या पायाला काय म्हणतात?"

मला वाटलं, गृहस्थ गाय विकत घेतोय. मी आपला गंभीरपणे म्हणालो, "सर, गाईला चार पाय असतात. आमच्याकडे त्यांना पायच म्हणतात."

"आणि माणसाच्या?"

"त्यालाही पायच. दोन."

सरांनी दीर्घ श्वास सोडला. "विचारलेला शब्द आंघोळ करून येतो," ते म्हणाले आणि बशीतला चहा प्याले. मी त्या वेळी तेवीस-चोवीस वर्षांचा, आपण चोख उत्तर दिलं या आनंदात. गाढवपणा कळायला मला काही महिने लागले.

भानगड होती ती एका शब्दाची, आणि तो शब्दही आपला नव्हता. रशियन पुस्तकं त्या काळी फार स्वस्त मिळायची. पुस्तकांची गाडी गावात यायची आणि आमच्यासारखे लोक गुळगुळीत कागद आणि जाड पुठ्ठे बघून काहीही घ्यायचे. मी स्वतः ट्रॅक्टरच्या दुरुस्तीवर एक देखणं पुस्तक घेतलं होतं. सरांनी घेतला शब्दांच्या कुळकथांचा एक रशियन कोश. एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण पानं उलटता उलटता त्या परक्या अक्षरांच्या रानात त्यांना इंग्रजी लिपीत एक शब्द दिसला: नख. आपल्या बोटावरचं नख.

"भूगोल, तुम्ही कुठं परमुलखात गेलात," ते सांगायचे, "न कोण वळखीचा न पाळखीचा, आणि एका वळणावर आपला चुलता बिडी ओढत बसलेला दिसला, तर कसं वाटंल?"

चुलता तिथे काय करतोय हे कळण्यासाठी त्यांनी ती लिपी शिकून घेतली, मग व्याकरण, मग कोशाच्या साह्यानं कोश. नोंद होती 'नोगा' या शब्दाची. रशियन, पोलिश, बल्गेरियन, ही सगळी स्लाव्ह भावकी पायाला नोगा किंवा त्याच्याच जवळचं काहीतरी म्हणते. त्या सगळ्यांच्या पणजीच्या भाषेतही तोच शब्द असणार असं पंडितांनी ठरवलेलं, म्हणून त्याच्या माथ्यावर एक चांदणी. चांदणी म्हणजे हा शब्द लिहिलेला कुणी पाहिला नाही, मागे मागे जाऊन बांधून काढलाय. शेजारच्या लिथुआनियात तसाच शब्द, पण अर्थ खूर. आणि आपल्याकडे नख.

"पन यांचा पाय कुठं गेला?" सर विचारायचे. "आपला पाद, पाय, तो त्यांच्याकडे पण होता. पायी चालण्याच्या शब्दात अजून उरलाय. मग चांगला चालता पाय टाकून हे नखावर का आले?"

कोशात उत्तर होतं. कुणीतरी कधीतरी माणसाच्या पायाला थट्टेनं खूर म्हटलं असणार, आणि थट्टा इतकी रुळली की खरा पाय बाद झाला. सरांना हे एकदम पटलं. पटायला कारणही घरातच होतं. त्यांची आई, जिला सगळं गाव आये म्हणायचं, ती शेतावरून आलेल्या मुलांना उंबऱ्यावर अडवून म्हणायची, "खुरां धव आदी, मंग ये घरान." हा मुलगा संस्कृतचा मास्तर झाला तरी त्याची खुरंच होती. एकदा मी सरांबरोबर त्यांच्या घरी गेलो, बूट काढून तसाच मोज्यांवर आत निघालो, तर आयेनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरांना विचारलं, "याला पत्री मारल्यान का रं?" बैलाच्या खुराला मारतात ती पत्री. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू आताच एका विद्यापीठानं त्यांचं म्हणणं मान्य केलं.

पण कोशातल्या त्या नोंदीत एक शब्द होता आणि तो सरांना सलत होता. 'बहुधा'. बहुधा थट्टेतून. "इतकी मोठी मानसं, चांदणीपर्यंत पोचली," ते म्हणायचे, "आणि 'बहुधा'पाशी बसली." तो बहुधा खोडायचा, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. माणूस कुठल्याही मुलखातला असो, तो पायाला खूर म्हणतो, हे दाखवायचं. आणि विचारलेला शब्द आंघोळ करून येतो. तेव्हा तो पारोसा असतानाच पकडायला हवा. म्हणून पायावर पाय.

या कामाला भिवंडीसारखी जागा नाही. अख्ख्या हिंदुस्थानातले पाय इथे लूमवर उभे. सरांनी पूर्वेकडच्या विणकरांचे पाय दाबून त्यांचा पायाचा शब्द 'गोड' मिळवला, तेलुगू विणकरांकडून 'कालू' मिळवला आणि कल्याणच्या रस्त्यावर एका ट्रक ड्रायव्हरकडून जे मिळवलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. त्यांनी यातलं काही लिहून ठेवलं नाही. माणसाच्या अंगावरच शब्द चिकटवून ठेवायचे. रस्त्यानं जाताना म्हणायचे, "तो बघा, तंगडी चालला. पलीकडे छत्री घेऊन टांग."

अन्सारी शेठच्या कारखान्यात तर शिफ्ट सुटायच्या वेळी सर फाटकात उभे राहायचे. शेठ भला माणूस. तो कामगारांना नुसतं बजावायचा, "मास्टरजी खड़े हैं. पैर सम्हाल के." सर त्यावर नाराज असायचे. म्हणायचे, "शेठ, आप शिकार भगाते हो."

मी एकदा त्यांना विचारलं, "सर, माझ्या पायावर कधी पाय दिला नाहीत."

"तुमचा राखून ठेवलाय. तुम्ही सदा तयारीत. तुमच्या तोंडात शब्द आंघोळ करून, गंध लावून बसलाय. काय उपयोग?"

मला तो माझा गौरव वाटला.

पुढे शाळा तपासायला साहेब आले. ते होते वऱ्हाडातले. हेडसरांनी फुलं आणली, पोरांना इस्त्री केली. सर दोन तास हात मागे बांधून उभे होते. पण साहेब निघता निघता फाटकाशी घुटमळले आणि सरांच्यानं राहवलं नाही. वऱ्हाडातला पाय आपल्या दारात परत कधी येणार? चप्पल पडली. साहेब ओरडले, "इडियट."

"इंग्रजी निघालं," सर मला हळूच म्हणाले. "फुकट गेला."

हेडसरांनी त्यांना खोलीत बोलावलं. आम्ही दाराशी कान लावून. हेडसरांचा आवाज शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर. "भोईर, आता एक जरी तक्रार आली तरी तुम्ही अंबाडीच्या शाखेत. तिथे सातवीपर्यंतच वर्ग आहेत. संस्कृत नाही. पाढे शिकवा."

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. संस्कृत जाणार हे एक. पण दुसरं त्याहून मोठं. "अंबाडीला काय हाय, भूगोल? वाड्याची गाडी, भाताची पोती आन् आमच्यासारखीच मानसं. त्यांचे शब्द मला पाळण्यातच मिळालेत." त्या दिवसापासून ते जमिनीकडे बघत चालू लागले. हॉटेलातली माणसं पाय सोडून बसू लागली. गावाला जरा चुकल्यासारखं झालं.

आणि नेमके तेव्हाच रशियन आले.

अन्सारी शेठनं मुंबईच्या कुणा दलालामार्फत सूत गुंडाळायचं एक रशियन मशीन घेतलं होतं. आल्यापासून ते मुकाट उभं होतं. शेवटी ठाण्याकडच्या कुठल्याशा कारखान्यात आलेले दोन रशियन इंजिनीअर सुट्टीच्या दिवशी येऊन बघतो म्हणाले. शेठला धड इंग्रजीही येईना, तर हेडसर छाती काढून म्हणाले, "आमच्याकडे रशियन जाणणारे शिक्षक आहेत." म्हणून गेल्यावर त्यांना आठवलं की ते शिक्षक कोण. मग त्यांनी सरांकडून वचन घेतलं: पाहुण्यांपासून कायम दोन हात लांब.

सर माझ्याजवळ हसले. "मला आजची रशियन बोलता येत न्हाय. तिची पणजी येते." मग म्हणाले, "स्लाव्ह मानूस. जिता. भिवंडीत." मिठाईच्या दुकानासमोर मधुमेहाचा रोगी उभा राहतो तसे ते उभे होते.

मीही स्वस्थ बसणारा नव्हतो. स्वागताचा फलक रशियनमध्ये असावा ही कल्पना माझी. सरांना विचारावं, असं साधं शहाणपण मला सुचलं नाही. शेठच्या गोदामात त्या मशीनची रिकामी लाकडी पेटी होती, तिच्यावर ठसठशीत काळी अक्षरं. इतक्या मोठ्या अक्षरांत माणूस चांगलंच काहीतरी लिहिणार. मी ती जशीच्या तशी उतरवली, भोवती वेलबुट्टी काढली, झेंडूची माळ सोडली आणि फलक कारखान्याच्या दारावर लावला. सर आले, त्यांनी तो वाचला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत गेले. मला वाटलं, शाबासकी.

पाहुणे दोघं. एक थोरला, लालबुंद, पोट असलेला. दुसरा बारीक, चष्मेवाला. फलक बघून थोरला थांबला, चष्मेवाल्याला कोपरानं ढोसलं, दोघं हसले. हेडसर मला म्हणाले, "खूष झाले हो."

दोघांना कामापुरतं इंग्रजी येत होतं, त्यामुळे दुभाष्याचं काम आपोआप मिटलं. सरांना तिथे करायला काही उरलं नाही, आणि हीच गोष्ट धोक्याची होती.

मशीनकडे जायचं तर लूमच्या दोन ओळींमधल्या चिंचोळ्या बोळातून. खडखडाट असा की शेजारचा माणूस ओरडला तरी फक्त तोंड हललेलं दिसावं. पुढे थोरला, त्याच्या डाव्या खांद्यामागे चष्मेवाला, उजव्या खांद्यामागे सर. दोन हात अंतर राखायला त्या बोळात जागाच नव्हती. मागे मी, हेडसर आणि शेठ. हेडसर सरांच्या पाठीवर नजर रोखून. मध्येच थोरला एका लूमपाशी थांबला, धोट्याची ये-जा बघू लागला. शेठनं हेडसरांच्या कानाला तोंड लावून काहीतरी समजावायला घेतलं, हेडसरांनी मान वळवली.

सरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत अंबाडी होती, सातवीचे पाढे होते आणि कोशातला तो 'बहुधा' होता. मी मान नकारार्थी हलवली. सरांनी छताकडे पाहिलं. पाय उचलला गेला.

चप्पल पडली आणि त्याच क्षणी लाइट गेली.

भिवंडीत लाइट जाणं यात नवल काही नाही. पण सगळे लूम एकदम थांबले की कान फुटल्यासारखी शांतता होते. त्या शांततेत थोरल्या इंजिनीअरचा आवाज सगळ्या कारखान्यात घुमला. तो चिडला होता चष्मेवाल्यावर, कारण पाय देणारा दुसरा कोण असणार? तो त्याच्यावर खेकसला, "उबेरी कोपीता!"

चष्मेवाल्यानं दोन्ही हात वर केले आणि स्वतःच्या निरपराध बुटांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच खाली पाहिलं. काचेच्या कौलांतून उजेड येत होता तेवढा पुरे होता. थोरल्याच्या काळ्या बुटावर टायरची चप्पल अजून तशीच. सर पाय काढून घ्यायला विसरले होते.

"कोपीता," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "भूगोल, कोपीता म्हणजे खुरं. खुरं उचल, म्हणाला तो. आये म्हणते तेच. एकदा खुराचा पाय केला, तो जुना झाला, तर आता पुन्हा तीच थट्टा नव्यानं. सांगा, सांगा त्यांना. इंग्रजीत सांगा."

आता हे इंग्रजीत सांगायचं आणि तेही मी. हेडसर माझ्याकडे बघतायत, कामगार बघतायत. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सर, युवर पीपल लॉस्ट देअर फूट. लाँग बॅक. नाउ धिस टीचर हॅज फाउंड इट."

थोरल्यानं आपल्या बुटाकडे पाहिलं. तो खरंच सापडला होता, चपलेखाली. सरांनी घाईनं पाय काढला, मग स्वतःच पुढे होऊन अर्धं त्या पणजीच्या भाषेत, अर्धं हातवाऱ्यांनी समजावू लागले. नख दाखवलं, खूर दाखवायला जमिनीवर पाय आपटला, 'नोगा' म्हणाले, चांदणीसाठी वर कौलांकडे बोट केलं. थोरला आधी बावचळला. मग त्याचा चेहरा उजळत गेला. तो काही तरी बराच वेळ बोलला. त्यातलं मला कळलं ते इतकंच, की त्याच्या खेड्यात त्याची आईही असंच ओरडायची. शेवटी तो मोठमोठ्यानं हसला आणि दारावरच्या माझ्या फलकाकडे बोट दाखवून मला म्हणाला, "यू टोल्ड मी. आय डिड नॉट बिलीव्ह."

मी सरांकडे पाहिलं. "सर, काय लिहिलंय मी?"

"सावधान. उलटा पाडू नये."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"खरं होतं ते. पाहुण्याला आधी कळवलेलं बरं."

लाइट आली, मशीनही संध्याकाळपर्यंत चालू झालं. अन्सारी शेठनं सरांच्या हातात स्वतः शरबताचा पेला दिला. म्हणाला, "मास्टरजी, आज पहली बार आपका पैर मुबारक निकला." हेडसर हसले नाहीत. त्यांनी वचन घेतलं होतं आणि ते मोडताना स्वतः पाहिलं होतं. सोमवारी सर अंबाडीला.

शाळेतून निघताना त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, छत्री घेतली. मी विचारलं, "सर, बहुधा खोडला का?"

"एका मानसावर खोडता येत न्हाय," ते म्हणाले. "पन बारीक झाला." आणि फाटकातून जाताना, सवयीनं, त्यांनी शिपायाच्या पायाकडे एकदा पाहिलं. शिपायानं तो पुढे केला. सरांनी मान हलवली. आंघोळ केलेला पाय.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं. भेटायला जाईन जाईन म्हणत मी गेलो नाही. मग एकदा परीक्षेच्या ड्युटीसाठी वाड्याला निघालो. गाडी अंबाडीच्या नाक्यावर थांबली, बाजार भरला होता. गर्दीत काकड्या विकणाऱ्या एका बाईशी माझी घासाघीस चालली होती, मागून कंडक्टर घंटी मारायच्या बेतात, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे, डोकं प्रश्नपत्रिकांत. आणि उजव्या पायावर पहाड कोसळला.

"खुरं मोडली का रे तुझी, रेड्या?"

हे मी म्हणालो. माझ्या तोंडातून आवाज आला तो वाईच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या मावशीचा. धुतल्या फरशीवर आम्ही मुलं नाचलो की ती सोवळ्यातून हेच म्हणायची, आणि गेल्या वीस वर्षांत ते मला एकदाही आठवलं नव्हतं.

मी वळलो. भोईर सर मान तिरपी करून उभे होते. केस जरा पांढरे, चप्पल तीच. त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं, मग हात जोडले.

"माफ करा. कुठले आपण?"

"वाई," मी म्हणालो.

"वाई," ते स्वतःशीच पुटपुटले. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण ओळख दिली नाही. कामात असताना ते ओळख देत नसत. मी काही म्हणणार तोच घंटी झाली आणि कंडक्टर माझ्या नावानं ओरडायला लागला.

खिडकीतून वळून पाहिलं. सर बाजारातून संथ पावलांनी निघाले होते, नजर आभाळाकडे. दोन्ही बाजूंना जमिनीवर बसलेल्या भाजीवाल्या बाया त्यांना बघून, एकीमागून एक, पाय आखडून घेत होत्या.